वेबसाइट कोड करून घ्यायची की पेज बिल्डरवर? आधी ठरवा, भाव कोण बदलणार

पेज बिल्डर कसा चालतो ते व्हिडिओत पडद्यावर दाखवलं. हिशोब आणि कागदपत्रांचा भाग मात्र वाचूनच नीट डोक्यात बसतो, म्हणून तो इथे सविस्तर देतेय. वही-पेन जवळ ठेवा, मधे थोडी आकडेमोड आहे.

बहुतेक दुकानदारांची सुरुवात अशी होते. समजा तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. ओळखीचा डेव्हलपर म्हणतो, "सगळं कोड करून देतो, साठ हजार." दुसरा म्हणतो, "वर्डप्रेसवर अठरा हजारांत होईल." आणि कॉलेजला जाणारा भाचा म्हणतो, "मामा, कशाला एवढे पैसे घालवता? विक्सवर मी आज रात्रीत करून देतो." मग प्रश्न येतो, यातलं चांगलं कुठलं?

आता खरं सांगायचं तर वेबसाइट कशावर बनली हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. त्याला भाव दिसतो, फोटो दिसतो, फोन नंबर आणि पैसे भरायची सोय दिसते. म्हणून "चांगलं कुठलं" हे जरा बाजूला ठेवू आणि दोन गोष्टी विचारू. रोजचे बदल कोण करणार? आणि उद्या यांच्याशी पटलं नाही तर निघताना माझ्या हातात काय राहणार? या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होऊन जातो.

आधी तिघांना वेगळं करू

"पेज बिल्डर" हा शब्द लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि गोंधळ तिथेच होतो.

विक्स, शॉपिफाय, स्क्वेअरस्पेस हे मॉलमधल्या भाड्याच्या गाळ्यासारखे. लाइट, सिक्युरिटी, साफसफाई सगळं मालक बघतो. तुम्ही माल मांडायचा आणि दर महिन्याला भाडं द्यायचं. भाडं थांबलं की शटर खाली.

वर्डप्रेस आणि त्यावर एलिमेंटरसारखा बिल्डर म्हणजे स्वतःच्या जागेत तयार फर्निचर आणून मांडणं. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, मुक्त परवान्याचं आहे, फुकट आहे. होस्टिंग तुम्ही घेता, डोमेन तुम्ही घेता, त्यामुळे एका होस्टिंगवरून सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं. एक खुलासा करते, कारण दर बॅचमध्ये कोणीतरी यात अडकतंच. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्या नावाची भाड्याची सेवा आहे. आपण बोलतोय ते वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून फुकट उतरवून घेता येणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल.

तिसरं म्हणजे कोड करून घेणं. सुतार घरी बसवून मापाचं कपाट करून घेतल्यासारखं. हवं तसं होतं, पण बिजागरी निघाली की त्याच सुताराला शोधावं लागतं.

आता एक गंमत. "कस्टम कोडिंग" म्हणून आलेली कित्येक कोटेशनं प्रत्यक्षात वर्डप्रेसची तयार थीम रंग बदलून देणारी असतात. त्यात गैर काही नाही, पण मग भावही त्याच कामाचा हवा. तपासायचं कसं? डेव्हलपरने आधी केलेल्या दोन-तीन वेबसाइट मागा. कॉम्प्युटरवर उघडून राइट क्लिक करा, 'व्ह्यू पेज सोर्स' निवडा आणि तिथे इंग्रजीत डब्ल्यूपी, आडवी रेघ, कंटेंट असं शोधा. सापडलं तर आत बहुधा वर्डप्रेसच आहे. मग शांतपणे विचारा, "यात कस्टम नेमकं काय केलंत?" चांगला माणूस असेल तर सरळ सांगेल.

भाव कोण बदलणार

कोकणातल्या हापूस विकणाऱ्या बागायतदाराचं उदाहरण घेऊ. साधारण मार्चपासून मे अखेरपर्यंतचा धंदा. सुरुवातीला पेटीचा भाव चढा, मे उजाडला की उतरतो. आज पाच डझनाची पेटी आहे, उद्या फक्त सहाचीच. पुण्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी. मधेच अवकाळी पाऊस झाला तर दोन दिवस बुकिंगच बंद ठेवायचं. म्हणजे वेबसाइटवर जवळपास रोज काहीतरी बदलतंय, आणि ते बदलणारा माणूस बागेत उभा आहे, हातात मोबाइल.

या माणसाला साठ हजारांची देखणी वेबसाइट दिली आणि भाव बदलायला डेव्हलपरला फोन करावा लागला, तर ती वेबसाइट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडल्यातच जमा. डेव्हलपरची दिवसा नोकरी असते, तो रात्री नऊनंतर बघणार. तोवर जुन्या भावाने चार ऑर्डर येऊन बसतात आणि मग गिऱ्हाइकाशी वाद. अशा धंद्याला शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स सरळसरळ योग्य. दोन्हीचं मोबाइल ॲप आहे. भाव बदला, सेव्ह करा, झालं.

कोड करून घेतलेल्या वेबसाइटला हे जमत नाही असं नाही. पण त्यासाठी ॲडमिन पॅनल लागतं, म्हणजे तुम्ही लॉगिन करून भाव, फोटो, साठा बदलू शकाल असा मागचा भाग. तो बनवायला पुढच्या भागाइतकंच काम पडतं. कोटेशनमध्ये 'ॲडमिन पॅनल' हा शब्द लिहिलेला नसेल तर ते मिळणार नाही असं धरून चाला. लिहिलेला असेल तर पुढे विचारा, मोबाइलवर चालेल का? काय काय बदलता येईल? ऑर्डर एक्सेलमध्ये उतरवता येतील का?

आणि याच्या उलट टोकाचं उदाहरण. एखाद्या सीए ऑफिसची किंवा दवाखान्याची पाच पानांची वेबसाइट. पत्ता, वेळ, सेवा, फोटो. वर्षातून दोनदा बदल. इथे साध्या कोडची स्थिर पानं करून घेतली तर मागे डेटाबेस नाही, अपडेटची कटकट नाही, वेग उत्तम. अशा ठिकाणी कोड स्वस्तही पडतो आणि टिकतोही. म्हणजे "छोट्यांना बिल्डर, मोठ्यांना कोड" हे गणित फसवं आहे.

तीन वर्षांचा हिशोब

कोटेशनचा आकडा म्हणजे लग्नातला हॉलचा खर्च. जेवण, डेकोरेशन, आहेर पुढेच असतात. म्हणून हिशोब नेहमी तीन वर्षांचा मांडा. खालचे आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही भरा.

कोड करून घेतली: एकदाचे ६०,०००. होस्टिंग वर्षाला ४,००० धरा, तीन वर्षांचे १२,०००. डोमेन वर्षाला १,००० म्हणजे ३,०००. देखभाल महिन्याला १,००० म्हणजे ३६,०००. एकूण १,११,०००.

वर्डप्रेस: एकदाचे १८,०००. होस्टिंग १२,०००, डोमेन ३,०००. बिल्डर आणि एक-दोन प्लगिनची वर्गणी वर्षाला ५,००० म्हणजे १५,०००. एकूण ४८,०००. पण यात देखभाल शून्य धरली आहे, म्हणजे अपडेट तुम्ही स्वतः करणार. ते करणार नसाल तर इथेही महिन्याचे पैसे घाला.

भाड्याचा गाळा: महिना १,५०० धरले तर ३६ महिन्यांचे ५४,०००, डोमेनचे ३,०००. एकूण ५७,०००. सुरुवातीला खिशातून जवळजवळ काहीच जात नाही हा याचा मोठा फायदा. चौथ्या वर्षीही भाडं चालूच राहतं हा तोटा.

या हिशोबात लोक तीन गोष्टी विसरतात. एक, जाहिरातीतला होस्टिंगचा दर पहिल्या मुदतीचा असतो, रिन्यूअलचा दर वेगळा आणि बहुतेक वेळा जास्त. तो विचारून तोच आकडा धरा. दोन, १८ टक्के जीएसटी. तुम्ही नोंदणीकृत असाल तर क्रेडिट मिळतं, पण कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल तर तो सरळ खर्च आहे. तीन, परदेशी कंपन्यांची वर्गणी. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप कपातीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. आधी ५,००० ची मर्यादा होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. त्यावरची रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. वर्षाची वर्गणी एकदम भरत असाल तर कपात आपोआप होईल या भरवशावर राहू नका. कॅलेंडरवर तारीख लिहा. कालनिर्णयवर लिहिली तरी चालेल, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी.

निघताना हातात काय राहणार

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि कोटेशन घेताना याबद्दल कोणीच विचारत नाही.

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी एक पानाची फुकट वेबसाइट मिळायची. कितीतरी दुकानांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि पिशव्यांवर छापला. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली. जुन्या पत्त्यावर येणारी माणसं १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवली, नंतर तेही थांबलं. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेतलं होतं त्यांनी तो पत्ता दुसरीकडे वळवला आणि छापील पिशव्या वाया गेल्या नाहीत. बाकीच्यांना नवा पत्ता छापावा लागला.

म्हणून वेबसाइट कशावरही करा, डोमेन मात्र तुमच्या ईमेलवर, तुमच्या खात्यात, तुमच्या कार्डाने. डेव्हलपर म्हणेल, "मी घेतो हो, नंतर ट्रान्सफर करू." नम्रपणे नाही म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला शेजारी बसवून स्वतः करा. दुकानाचा भाडेकरार आपण कारागिराच्या नावावर करत नाही ना, तसंच हे.

आता तिन्ही पर्यायांत निघताना काय मिळतं ते बघू. विक्सची वेबसाइट विक्सच्याच सर्व्हरवर चालते, ती उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. मजकूर आणि फोटो तुमचे, पण मांडणी पुन्हा करावी लागते. शॉपिफायमधून मालाची, गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवता येते, ही मोठी गोष्ट आहे, कारण धंद्याचा जीव त्या यादीत असतो. वर्डप्रेस पूर्ण उचलता येतो. फक्त एलिमेंटर काढून टाकलात तर मजकूर राहतो आणि मांडणी मोडते, हे लक्षात ठेवा.

आणि कोड? इथे बहुतेकांचा समज असतो की "पैसे दिले म्हणजे माझं." कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते, आणि कलम १७ प्रमाणे लिहिणारा हा तिचा पहिला मालक. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं आणि वेगळा करार नसेल तर मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. पण बाहेरचा फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही. त्याच्याकडून हक्क तुमच्याकडे यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि त्याच्या सहीनिशी यावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईला मसाले पाठवायचे असतील तर हे वाक्य पुन्हा वाचा.

वर्क ऑर्डरमध्ये निदान एवढं तरी टाका: "या कामासाठी लिहिलेला सर्व कोड व डिझाइन यांचे कॉपीराइटसह सर्व हक्क, पूर्ण रक्कम मिळाल्यावर, कायमस्वरूपी आणि जगभरासाठी ग्राहकाकडे हस्तांतरित होतील." खाली दोघांच्या सह्या, तारीख. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा, त्याची फी इथे वाया जात नाही. आणि शेवटचा हप्ता कोडची पूर्ण प्रत, डेटाबेसची प्रत आणि सगळे पासवर्ड हातात आल्यावरच. डेव्हलपर वाईट असतो म्हणून हे करायचं असं मुळीच नाही. तो उद्या बंगळुरूला नोकरीला जाईल, लग्न होईल, धंदा बदलेल. त्याचीही सुटका यातच आहे.

मग कोड कधी करून घ्यावा

तुमच्या धंद्याचा नियमच असा असेल की तयार साच्यात बसत नाही, तेव्हा.

सराफाचं उदाहरण लोक नेहमी देतात. आजचा सोन्याचा दर गुणिले वजन, अधिक घडणावळ, त्यावर ३ टक्के जीएसटी, आणि हे सगळं रोज बदलतं. ऐकायला फार खास वाटतं, पण दर बदलला की सगळ्या दागिन्यांचे भाव आपोआप बदलणारी तयार प्लगिन वूकॉमर्ससाठी मिळतात. आपली अडचण जगावेगळी आहे असं प्रत्येक दुकानदाराला वाटतं. आधी अर्धा तास शोधा.

आता डबेवाल्या ताईंचं बघा, म्हणजे मेस चालवणाऱ्या. महिन्याचा डबा, पण गुरुवारी एकाला उपास, दुसऱ्याला एकादशीला साबुदाणा. रात्री नऊपर्यंत कळवलं तर उद्याचा डबा रद्द आणि बिलातून वजा, नऊनंतर कळवलं तर नाही. शनिवारी अर्धा डबा. शिवाय कुठला डबा कुठल्या पोराच्या रूटवर. हे तयार सबस्क्रिप्शन प्लगिनमध्ये कोंबायला गेलात तर ओढूनताणून काहीतरी होतं आणि महिनाअखेरीला वही घेऊन बसावंच लागतं. इथे कोड करून घेणं शहाणपणाचं.

पण लगेच नको. आधी दोन महिने हे गूगल फॉर्म आणि गूगल शीटवर चालवा. त्यात तुमचे खरे नियम बाहेर येतात. गावाला गेलेल्यांचं काय, सुट्टे पैसे पुढच्या महिन्यात कसे वळवायचे, वगैरे. ते एका कागदावर लिहा आणि तो कागद डेव्हलपरला द्या. तुमच्या डोक्यात जे स्पष्ट नाही ते कोडमध्ये स्पष्ट होत नसतं, फक्त त्याचं बिल येतं. आणि संपूर्ण वेबसाइट कोड करायचीही गरज नाही. पुढची पानं वर्डप्रेसवर, डब्याचा हिशोब तेवढा वेगळ्या छोट्या ॲपवर, असं जोडकाम मला बऱ्याच ठिकाणी सगळ्यात किफायतशीर वाटतं.

देखभाल दोन्हीकडे आहे, फक्त रूप वेगळं. वर्डप्रेसला प्लगिनचे अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात, आणि आधी बॅकअप. कोडला वाटतं काही लागत नाही, पण तोही शिळा होतो. उदाहरणार्थ पीएचपीच्या ७.४ आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले. होस्टिंगवाल्याने सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला की जुना कोड कुठेतरी अडखळू शकतो, आणि तो दिवस नेमका गणपतीच्या आठवड्यात येतो. म्हणून देखभालीचा करार लेखी हवा. किती तासांत उत्तर, महिन्याला किती काम, त्यावर किती दर.

मराठी मजकूर असेल तर

हे इंग्रजी व्हिडिओंत कोणी सांगत नाही. बिल्डरच्या बऱ्याच तयार साच्यांत मथळ्यांच्या अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेलं असतं. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत शिरोरेघ तुटते आणि "लोणचं" हा शब्द तीन तुकड्यांत लटकतो. सेटिंगमध्ये 'लेटर स्पेसिंग' शून्य करा. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या वेलांट्या कापल्या जातात. मुक्त किंवा बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि मराठीसाठी चांगले आहेत. प्रेसवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असेल तर तो तसाच चिकटवू नका, युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर गूगलला ती मराठी वाचताच येत नाही. आणि पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा. मराठीत ठेवलात तर व्हॉट्सॲपवर पाठवताना तो टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊ शकतो, आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते.

वेगाचं थोडक्यात. बिल्डर जड असतात हे खरं, पण छोट्या दुकानांच्या वेबसाइट मंद होतात त्या बहुतेक मोबाइलमधून थेट चढवलेल्या पाच-पाच एमबीच्या फोटोंमुळे. फोटो लहान करून वेबपी स्वरूपात चढवा आणि गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर तपासा. मुख्य भाग दिसायला अडीच सेकंदांच्या आत वेळ लागला तर गूगलच्या मापाने तो चांगला.

एक नियम मात्र कोड असो वा बिल्डर, सुटत नाही. स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकत असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर हवं. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्यात द्यायचा असतो. पेमेंट गेटवेवालेही खातं चालू करण्याआधी परताव्याचं धोरण, अटी आणि संपर्काचं पान बघतात. त्यामुळे ही पानं "नंतर करू" यादीत टाकू नका.

पुढच्या व्हिडिओत कोटेशनचा नमुना ओळीओळीने वाचणार आहोत. त्याआधी गृहपाठ. ज्यांची वेबसाइट आधीच आहे त्यांनी डोमेन कुठल्या कंपनीकडे, कुठल्या ईमेलच्या खात्यात आहे आणि मुदत कधी संपते हे तीनच रकाने वहीत भरा. लॉगिन स्वतःकडे नसेल तर आज ज्याच्याकडे आहे त्याला मेसेज करा, मुदत संपायची वाट बघू नका. ज्यांची अजून नाही त्यांनी मागच्या तीन महिन्यांत दुकानात काय काय बदललं ते लिहून काढा. भाव, माल, वेळ, ऑफर, सगळं. यादी घेऊन या, तिच्यावरूनच सुरू करू.